बाळ ओळखायला लागलं की

माझे केस गळायला लागले तेव्हा आमच्या महाडच्या घरात सगळ्यांत आधी दोष दिला गेला तो शाम्पूला. मग बोअरच्या पाण्याला. सासूबाईंनी जाहिरातीतल्या बाईलाही सोडलं नाही. ती केस उडवत आली की त्या टीव्हीचा आवाजच बंद करायच्या. विंचरताना निघालेलं गुंतवळ मी बोटाभोवती गुंडाळायचे, आणि त्या ते माझ्या हातून घेऊन, थू थू करून, स्वतः टाकून यायच्या. एका रविवारी सवच्या गरम कुंडावरही नेऊन आणलं. केस काही थांबले नाहीत.

एका गोष्टीबद्दल मात्र घरात कुणी बोलत नव्हतं. पावसाळा संपता संपता मी बाळंत झाले होते, आणि बाळ पोटातच गेलं होतं. सासरी काय, पोलादपूरला माहेरी काय, सगळे त्याला 'ते झालं' म्हणायचे. ते झालं आणि हिची तब्येत उतरली. मुलगी होती, हे मला नर्सने सांगितलं. मुलगा की मुलगी, असं कुणी विचारलंच नाही. मी तशी तिरसट. मी शिकवते त्या शाळेत मुलं मला वचकून असतात. पण या मायेने गप्प बसणाऱ्या माणसांपुढे माझं काही चालेना. राग यायचा, आणि तो काढावा कुणावर, ते कळायचं नाही.

थंडीत महाडला त्वचारोगाच्या डॉक्टरांचं शिबिर भरलं. केस का गळतात, कुणाचे डोक्याच्या कुठल्या भागातून गळतात, याचा अभ्यास करायला ते मुंबईहून आले होते. बाकावर माझ्या शेजारी आंबेनळीकडच्या एका वाडीवरची म्हातारी बसली होती. तिच्या डोक्याला चाई पडली होती; रुपयाएवढा तो गुळगुळीत डाग ती येणाऱ्या-जाणाऱ्याला खुशाल दाखवत होती. मग तिने माझ्या रुंद झालेल्या भांगाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"काय गो, पोर वळखाया लागला वाटतं?"

मला काही कळेना.

"पोरानं आयेला वळखली का आयेचं केस जातात. माजं समद्यांच्या टायमाला गेलं."

माझ्यासाठी तिला इतका आनंद झाला होता की तो मोडणं मला जमलं नाही. तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

डॉक्टरबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी चिमटीत केस धरून हलकेच ओढले, हातात आलेले पाहिले. पुढून, टाळूवरून, कानामागून. सगळीकडून सारखेच येत होते. "तीन-चार महिन्यांपूर्वी काही झालं होतं? मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण?"

"बाळ गेलं," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं, की गरोदरपणात गळायचे राहिलेले केस बाळंतपणानंतर एकदम झोपी जातात, म्हणजे वाढायचे थांबतात, आणि काही महिन्यांनी सगळे मिळून गळतात. "बाळ जगलं की नाही, हे केसांना कळत नाही. तुमचं बाळंतपण झालंय ना." अभ्यासासाठी मला बाळंतिणींच्या गटात घेऊ का, असंही त्यांनी विचारलं.

मी तिथेच रडले. केस परत येतील असं त्या समजावत राहिल्या, पण मला केसांचं पडलं नव्हतं. इतक्या महिन्यांत मला बाळंतीण म्हणणारं हे पहिलं माणूस होतं. आणि म्हातारीची समजूत अगदीच चुकीची नव्हती: लेक असती तर याच दिवसांत मला बघून हसायला लागली असती.

बाहेर आले तर म्हातारी अजून बाकावरच.

"पोरगा का पोरगी गो?"

"मुलगी," मी म्हणाले. तोंडाने हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते.

"आनि वळखते ना आयेला?"

शाळेत मी मुलांच्या वहीतलं 'वळखते' खोडून 'ओळखते' करते.

"वळखते गो, आजी," मी म्हणाले.