कोण लोक?

शालूताईंसमोर ‘लोक म्हणतात’ हे दोन शब्द उच्चारायची सोय नव्हती. उच्चारले की त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, “कोण लोक? लोकांना नाव असतं, आडनाव असतं. सांग.” समोरचा हसून विषय बदलायला लागला तरी त्या हसायच्या नाहीत. नाव येईपर्यंत तशाच बघत राहायच्या. बहुतेकांना नाव सांगता यायचं नाही. मग त्या म्हणायच्या, “नाव नाही ना? म्हणजे ते तूच म्हणतोयस.”

आमच्या नाट्यमंडळात त्यांची ही सवय चेष्टेचा विषय होती. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर कवायत शिकवली होती, त्यामुळे आवाज असा की रत्नागिरीत थिबा पॅलेसच्या चढावरून हाक मारली तर खाली बाजारात माणूस मागे वळून बघेल. निवृत्त झाल्यावर त्या पुन्हा नाटकात आल्या. मी कॉलेजात मराठी शिकवते आणि मंडळात प्रॉम्प्टिंग करते. विंगेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या माणसाला नटांपेक्षा नटांच्या आजूबाजूचं जास्त दिसतं. शालूताई मला तिथूनच समजत गेल्या.

त्या वर्षी आमच्या दिग्दर्शकांनी, बापूंनी, एक जुनी शोकांतिका घ्यायचं ठरवलं. पराक्रमी सरदार, त्याची तरुण बायको, आणि सरदाराच्या कानात रोज थोडं थोडं विष ओतणारा त्याचा विश्वासू माणूस. शेवटी सरदार स्वतःच्या हाताने बायकोचा गळा दाबतो. बायकोची भूमिका मानसीला मिळाली. ती एका औषधाच्या दुकानात कामाला होती, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, नवरा राकेश मुंबईला नोकरीत आणि ती इथे मांडवीच्या बाजूला सासूजवळ. शालूताईंकडे आली दासीची भूमिका. त्या दासीला सगळं कळतं, पण ती तोंड उघडते तेव्हा मालकीण मेलेली असते.

पहिल्याच वाचनाला बापू भारावून बोलत होते. “नायिका इतकी निष्पाप आहे, इतकी शुद्ध आहे, म्हणून तिचं मरण आपल्याला चटका लावतं.”

“म्हणजे ती निष्पाप नसती तर मारलेलं चाललं असतं?” शालूताईंनी विचारलं.

बापू गडबडले. “तसं नाही हो ताई...”

“नाही, मला समजून घ्यायचंय. पूर्ण नाटकभर पुरुष एकमेकांशी तिच्याबद्दल बोलतायत. तिच्याशी कोण बोलतंय? कुणी एकाने तिला समोर बसवून एक सरळ प्रश्न विचारला असता तर तिसऱ्या अंकातच पडदा पडला असता की.”

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने हसले विजूदादा. विजूदादा म्हणजे मंडळाचा आधार. हॉल मिळवणं, टेम्पो ठरवणं, कुणाची आई आजारी असली तर दवाखान्यात डबा पोचवणं, सगळं तेच करायचे. सरदाराची भूमिका आपल्यालाच मिळणार असं ते धरून चालले होते. बापूंनी ती अमोलला दिली. विजूदादांच्या वाट्याला नायिकेच्या बापाचे दोन प्रवेश आले. “अरे, तरुण पोरं पुढे यायलाच हवीत,” असं म्हणून त्यांनी अमोलच्या पाठीवर थाप मारली. त्याच आठवड्यात तालीम सुटल्यावर त्यांनी मानसीला घरी सोडतो म्हटलं, तेव्हा ती सगळ्यांसमोर सहज म्हणाली, “नको दादा, मी माझी जाईन.” विजूदादा हसले. पण त्यांनी गाडीची किल्ली मुठीत आवळलेली मला विंगेतून दिसली.

नंतरच्या दिवसांत काहीतरी बिघडायला लागलं. मानसीचा फोन तालमीत पुन्हा पुन्हा वाजायचा. ती बाहेर जाऊन बोलून यायची आणि आली की तिची वाक्यं चुकायची. एकदा चहाच्या वेळी मी मागच्या पडवीत गेले तर विजूदादा फोनवर कुणाशी तरी अगदी मऊ आवाजात बोलत होते. “अरे काही नाही रे राकेश, नाटकच आहे ते. अमोल चांगला मुलगा आहे. आता लोक काय, बोलणारच. तू मनावर घेऊ नको. मी आहे ना इथे, लक्ष ठेवायला.”

मी ते शालूताईंना सांगितलं. त्या वेळी त्या आपल्या अंगणात आंबोशी वाळत घालत होत्या. कैरीच्या फोडी एकेक सुटी करत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “हेच नाटक मी केलंय गो. नवीन लग्न झालं होतं माझं. मानसीचीच भूमिका.”

मला हे माहीत नव्हतं.

“प्रयोग छान झाला. चार दिवसांनी कुणीतरी आमच्या ह्यांना काहीतरी सांगितलं. काय ते माहीत नाही, कोण तेही माहीत नाही. ते घरी आले, जेवले, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. मारलं नाही हो, कधी हात उचलला नाही. फक्त बोलणं बंद. चहा हवा असला तर भिंतीकडे बघून म्हणायचे, चहा झाला असेल तर बरं होईल. मी विचारलं, पाया पडले, भांडले. भिंतीला ऐकू येईल पण त्यांना नाही. सगळं आयुष्य असं गेलं. शेवटी अंथरुणाला खिळले, मीच सगळं केलं. वाटलं, आता तरी बोलतील. दवाखान्यात मी उशाशी बसलेली, आणि त्यांनी नर्सला सांगितलं, ह्या बाईंना म्हणावं पाणी द्या.”

शालूताईंनी एक काळी पडलेली फोड वेगळी काढून टाकली.

“ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही. एवढंच वाटलं, आता विचारू कुणाला, तुम्हाला सांगितलं कुणी?”

मी म्हटलं, “पण ताई, विजूदादांना ह्यातून काय मिळणार?”

“काही नाही. दुसऱ्याचं घर पेटलं की काही माणसांना ऊब मिळते, बायो. तेवढी पुरते त्यांना.”

रंगीत तालीम तोंडावर आली असताना एका रविवारी दुपारी राकेश न सांगता आला. स्टेशनवरून थेट हॉलवर. मागच्या दाराशी उभा राहून त्याने शेवटचा प्रवेश पूर्ण पाहिला. अमोलने मानसीच्या गळ्याला हात घातला, ती धडपडली, शांत झाली. मानसी उठून बसली आणि तिला दारात नवरा दिसला. तिचा चेहरा असा उतरला की अमोल दोन पावलं मागे सरला. राकेश मात्र शांत होता. सगळ्यांशी हात मिळवले, चहा घेतला. मग कप ठेवता ठेवता शालूताईंना अगदी हसून विचारलं, “ताई, खरंच एवढ्यात जीव जातो का हो? एवढ्या कमी वेळात?”

तो मानसीला घेऊन निघून गेला. विजूदादा म्हणाले, “किती प्रेम आहे बघा. थेट स्टेशनवरून आला.”

दुसऱ्या दिवशी मानसी तालमीला आली नाही. दुकानातही गेली नव्हती. फोन बंद. संध्याकाळी शालूताई ओल्या काजूच्या उसळीचा डबा घेऊन माझ्या दारात. “स्कूटर काढ. मांडवीला जायचंय.”

मी म्हटलं, “ताई, आपण जाऊन काय बोलायचं? नवरा-बायकोचं...”

“नाटकातली दासी पण हेच म्हणत बसली होती,” त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या.

सासूने दार अर्धंच उघडलं. मानसीला बरं नाही, ती झोपलीय. शालूताई “असू दे, डबा ठेवते” म्हणत आत शिरल्याही. राकेश टीव्हीसमोर बसला होता. आतल्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. शालूताईंनी त्या कडीकडे बघितलं, मग राकेशकडे.

तो उठला. “ताई, हा आमच्या घरातला प्रश्न आहे.”

“म्हणूनच घरात आले,” असं म्हणून त्यांनी कडी काढली.

मानसी पलंगाच्या कडेला बसली होती. गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळलेली. कोकणातला एप्रिल, पंखा बंद, आणि ओढणी. शालूताईंनी ती सोडवली नाही. नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे वळून विचारलं, “काय केलं हिने?”

“लोक म्हणतात...” राकेशने सुरुवात केली.

“कोण लोक?”

“सगळं गाव बोलतंय.”

“गावाला तोंड नसतं. माणसाला असतं. नाव सांग.”

सासू दाराला टेकून उभी. शेवटी त्याच्या तोंडून निघालं, “विजूदादांनी सांगितलं.”

“लाव फोन त्याला. सगळ्यांना ऐकू येईल असा लाव.”

का कुणास ठाऊक, पण त्याने लावला. शालूताईंचा तो कवायतीचा आवाज खोलीत घुमला की कुणालाही ‘हो बाई’ म्हणावंसं वाटायचं. विजूदादांनी पहिल्या रिंगलाच उचलला. राकेशने विचारलं, “दादा, तुम्ही मला मानसी आणि अमोलबद्दल सांगितलं होतंत ना?”

पलीकडून तोच मऊ आवाज. “मी? अरे, मी तर उलट म्हटलं की लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नको. आठव बरं. मी एक शब्द तिच्याविरुद्ध बोललोय का?”

आणि खरंच, एकही शब्द नव्हता. ते राकेशच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याचा हात खाली आला. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल, बायकोची माफी मागेल. तो मानसीकडे वळला आणि म्हणाला, “बघ. तुझ्यामुळे मला काय काय ऐकून घ्यावं लागतंय.”

शालूताई मानसीला म्हणाल्या, “चल, ऊठ.”

राकेश दारात आडवा उभा राहिला. तेव्हा आतापर्यंत एक अक्षर न बोललेली सासू पुढे आली. कमरेच्या पिशवीतून मानसीचा मोबाइल काढून तिने सुनेच्या हातात दिला आणि मुलाला म्हणाली, “वाटेतून बाजूला हो. ह्या घरात मी पण सून म्हणून राहिलेय.” तो बाजूला झाला.

ती रात्र मानसी शालूताईंकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला गुहागरला तिच्या आईकडे पोचवलं. जयगडच्या फेरीबोटीत तिचा फोन सारखा वाजत होता. ती पडद्याकडे बघायची, आमच्याकडे बघायची. पाणी संपून पलीकडचा किनारा आला तरी फोन थांबला नव्हता. शालूताई एवढंच म्हणाल्या, “वाजू दे. तो थकेल.”

नाटक अर्थातच झालं नाही. गावात बोललं गेलं ते असं, की त्या कवायतवाल्या बाईने एक संसार मोडला. स्वतःचा धड झाला नाही म्हणून दुसऱ्याचा मोडला. मंडळाने ठराव वगैरे काही केला नाही, फक्त पुढच्या नाटकाच्या वेळी त्यांना फोन गेला नाही. मी भांडले. बापू म्हणाले, “अगं, वातावरण बिघडतं.” विजूदादा मंडळातच राहिले. हॉल आणि टेम्पो कोण बघणार?

घटस्फोट झाला. मानसीला तिकडे औषधाच्या दुकानात काम मिळालं. पुढे एक दिवस शालूताईंना कळलं की राकेशचं दुसरं लग्न ठरतंय, मुलगी लांज्याच्या बाजूची. त्या माझ्याबरोबर एसटीने तिथे गेल्या. आई-वडील भले होते. चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग वडील हात जोडून म्हणाले, “बाई, तुम्ही एवढ्या लांब आलात, पण आम्ही मुलाची नीट चौकशी केलीय. तुमच्याच रत्नागिरीत एक मोठे सज्जन गृहस्थ आहेत, विजूदादा म्हणून. त्यांनी खात्री दिलीय.”

परतीच्या वाटेवर पाली गाव मागे पडलं. मग शालूताई म्हणाल्या, “आपल्या तोंडाला किंमत कमी आणि त्याच्या जास्त, असं का गो?” स्वतःला उत्तर माहीत नसलेला प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. लग्न झालं.

शालूताई गेल्या पावसाळ्यात गेल्या. शेवटपर्यंत हिंडत्या-फिरत्या होत्या. सकाळी पाणी भरताना छातीत कळ आली, शेजारी धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. ज्या मंडळाने त्यांना फोन करणं सोडलं होतं, त्याने शोकसभा मात्र ठेवली. हार घातलेला फोटो, उदबत्ती, पन्नासेक माणसं. मानसी गुहागरहून आली आणि माझ्या शेजारी बसली.

विजूदादा बोलायला उभे राहिले. फार सुंदर बोलले. ताई मला आईसारख्या होत्या, म्हणाले. आमचे काही मतभेद झाले असतील, पण लोक काहीही म्हणोत, मनाने त्या सोन्यासारख्या होत्या. बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या बायकांनीही पदर डोळ्यांना लावला.

मानसी उठली. तिचा आवाज मुळात बारीक, पण नटीचा होता, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

“विजूदादा, तुम्ही बसा खाली.”

ते थबकले. हसण्याचा प्रयत्न केला. बापूंकडे बघितलं. बापू जमिनीकडे बघत होते. विजूदादा बसले.

मानसी फोटोजवळ गेली आणि तिने सगळं सांगितलं. कोण काय बोललं, कुणाच्या फोनवरून, कुठली कडी, कुठली ओढणी आणि ती कशासाठी. कुणाचंही नाव गाळलं नाही, स्वतःचंही नाही. रडली नाही. सांगून झाल्यावर फोटोला नमस्कार करून खाली आली. सभागृहात कुणी हललं नाही. विजूदादांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, पण निघायला त्यांना संपूर्ण हॉल ओलांडावा लागणार होता, म्हणून ते तसेच बसून राहिले.

सभा संपल्यावर आम्ही जिना उतरत होतो. मागून एक बाई घाईघाईने आली. साठीच्या आतबाहेरची, हातात छत्री, ओळखीची नव्हती. तिने आजूबाजूला बघून घेतलं आणि मानसीचा हात धरला.

“माझ्या मुलीशी जरा बोलशील?” ती हळूच म्हणाली. “केव्हातरी ये, घाई नाही.”

“मुलगी कुठेय?” मानसीने विचारलं.

“घरीच. साळवी स्टॉपला.”

मानसीने पर्स खांद्याला लावली. “मग आत्ताच चला,” ती म्हणाली.