मंगलची चाल

माझी धाकटी जाऊ मंगल आमच्या घरात आली ती बूट घालून. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, मी ओवाळायचं ताट घेऊन उभी, आणि समोर शालू नेसलेल्या नवरीच्या पायात काळे, नाड्यांचे बूट! आमच्याकडं चपला जिन्याखाली काढून वर यायची पद्धत. पाहुण्यांमधल्या एका आजींनी तर तोंडाला पदरच लावला. मंगलनं शालूच्या निऱ्या जराशा उचलल्या. दोन्ही बुटांमधून लोखंडी पट्ट्या वर निघालेल्या, उजव्या पायाला गुडघ्याखालपर्यंत, डाव्याला थेट मांडीपर्यंत, आणि त्या चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेल्या.

"कॅलिपर आहे, आत्याबाई," ती आमच्या सासूबाईंना म्हणाली. "बूट काढला की उभीच राहता येत नाही मला. पण ही जोडी नवी कोरी आहे. घरातली. जिन्याखाली बसून बदलली. रस्ता बघितला नाही हिनं अजून."

मग उजव्या काखेतल्या कुबडीवर भार देऊन तिनं पाय असा फेकला की मापातले तांदूळ देवघरापर्यंत गेले. माझ्या लग्नात मी ते माप जेमतेम कलंडवलं होतं, आणि त्यातही अंगठ्याचं नख दुखावून घेतलं होतं.

मंगलला लहानपणी पोलिओ झालेला. एका कॉलेजच्या ऑफिसात ती नोकरीला होती, मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटीवर चिकलठाण्याहून रोज जायची. माझा दीर विलास तिच्या प्रेमात कसा पडला ते मला ठाऊक नाही, पण तो बोलतो कमी आणि ती बोलते भरपूर, तेव्हा निर्णय कुणी घेतला असेल याचा अंदाज आहे. मी पहिल्या मजल्यावर चढताना मध्ये एकदा थांबून कठडा धरते. मंगल मागून टकटक करत येणार आणि विचारणार, "जाऊबाई, कुबडी देऊ का?"

तिला दिवस गेले तेव्हा घरात आधी पेढे वाटले गेले आणि मग सगळे घाबरले. दवाखान्यात तिच्यासोबत मी गेले. डॉक्टरबाईंनी मंगलकडं पाहिलं, कॅलिपरकडं पाहिलं आणि मला विचारलं, "यांना चालता येतं का?"

मी तोंड उघडायच्या आत मंगल म्हणाली, "मॅडम, मला विचारा ना. पोलिओ पायाला झालाय, तोंडाला नाही."

डॉक्टरबाई मनमोकळं हसल्या, आणि त्यानंतर मी त्या खोलीत नुसती पर्स सांभाळायला होते. वजन फार वाढू द्यायचं नाही, पडायचं नाही आणि चालणं सोडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी यातलं 'पडायचं नाही' एवढंच ऐकलं. "पोरी, पलंगावरून उतरू नको आता. तांब्या सुद्धा हातात देते मी."

"आत्याबाई, मी झोपले तर झोपलेच," मंगल म्हणायची. हे तिचं ठरलेलं वाक्य. पायात जी थोडीफार ताकद आहे ती चालण्यावर टिकून आहे, पडून राहिलं की ती जाते आणि गेली की परत येईलच असं नाही, हे तिनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं, जणू कोथिंबिरीबद्दलच बोलत होती.

पोट वाढायला लागलं तसे नवेच प्रश्न आले. पाय सुजायचे, मांडीचा पट्टा काचायचा. मग आम्ही रिक्षानं औरंगपुऱ्यातल्या एका बोळात जायचो. तिथं कॅलिपर बनवणारे एक चाचा होते. मंगल स्टुलावर बसून त्यांना सांगायची, "चाचा, पेट मेरे को सामने खींचरा. एड़ी थोड़ी उतारो."

चाचा बूट उलटा करून बघायचे. "इत्ते साल से पट्टे बनारा बेटी, मगर पेट का नाप लेके कोई नै आया आज तक."

"तो सीख लो ना. आगे दूसरी भी आएगी."

टाच तासली जायची, पट्ट्याला नवं भोक पडायचं, आणि मंगल उभी राहून, डोळे मिटून, आपल्याच अंगाचा तोल कुठं गेलाय ते शोधायची. आपण साधं उभं राहतो त्याला इतकं काही करावं लागतं, हे मला या वयात तिथं कळलं.

आणि ती पडायचा सराव करायची. खरंच. दुपारी हॉलमध्ये गाद्या पसरायच्या आणि ती मला भिंतीपाशी उभी करायची. "मला धरायला यायचं नाही, जाऊबाई. लोक धरायला येतात म्हणून मी वाकडी पडते. तुम्ही आलात तर तुम्ही माझ्यावर पडाल, मग काय उरेल माझं?" कुबडी लांब फेकायची, अंग कुशीवर वळवायचं, खांदा आणि कंबर आधी टेकवायची. मी भिंतीला चिकटून देवाचं नाव घ्यायची. सातवा महिना लागल्यावर तिनं सराव थांबवला. "आता नुसतं डोक्यात करते," म्हणाली.

आठव्या महिन्यात ती खरोखर पडली. उन्हाळा होता, हॉलमधल्या कूलरचं पाणी फरशीवर झिरपलेलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं: कुबडी सरकली, तिनं ती दूर भिरकावली, एक हात पोटावर घेतला आणि वळली. दाणकन आवाज झाला. आत्याबाई धावल्या.

"कुणी हात लावू नका!" मंगल खालूनच ओरडली. "आधी मला बघू द्या."

ती कुशीवर पडलेली, गाल ओल्या फरशीवर, दोन्ही तळवे पोटावर. ती आपल्या बाळाची चाहूल घेत होती. कूलर घरघरत होता. विलासनं जाऊन तो बंद केला, तेव्हा तर श्वासही ऐकू यायला लागले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिचा चेहरा सैल झाला.

"हलतंय," ती म्हणाली. "चिडलंय बहुतेक."

दवाखान्यात बाळ सुखरूप असल्याचं कळलं. मंगलच्या खांद्यावर मात्र जांभळा डाग उठला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे कॅलिपर जागेवर नव्हते. आत्याबाईंनी ते विलासकडून माळ्यावर टाकून घेतले होते. "बाळंत होईस्तोवर मिळायचे नाय," त्या म्हणाल्या. "रागव, बोल मला काय बोलायचं ते. मी नाय देणार."

मंगल पलंगाच्या कडेला बसली होती. "आत्याबाई, काल मला पाण्यानं पाडलं. कूलर टाका की माळ्यावर."

आत्याबाई हसल्या नाहीत. मग मंगलचा आवाज उतरला. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "आत्ता बसले तर मी परत उठेन का, सांगता येत नाही. लेकरू रडलं की तुम्हाला हाक मारायची, त्याला उचलायचं तर जाऊबाईंना हाक मारायची. मला त्याला घेऊन चालायचंय, आत्याबाई. आई व्हायचंय मला या घरात, पाहुणी नाही."

आत्याबाई बराच वेळ गुडघ्यावरचं लुगडं सारखं करत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "थोरले, काढ गं ते खाली."

मी चढले. स्टूल कण्हलं, पण टिकलं. खाली दिलेले बूट आत्याबाईंनी मांडीवर घेतले आणि माळ्यावरची धूळ पदरानं पुसली. वाकता येत नसल्यामुळं मंगलला पट्टे बांधून देण्याचं काम तोवर विलास करायचा. त्या दिवशी आत्याबाईंनी जमिनीवर बसून सुनेचा पाय हातात घेतला.

"एक भोक मागं, आत्याबाई."

"कळतंय मला. घाई करू नको."

बाळंत होईपर्यंत रोज सकाळी ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

सिझेरियन झालं, मुलगी झाली. मग टाके, अशक्तपणा, आणि न टाळता येणारं पडून राहणं. मंगल पलंगावरूनच पाय हलवत राहायची, पण तिच्या डोळ्यांत भीती असायची, आणि आम्हाला ती दिसत नाही असं आम्ही दाखवायचो. सव्वा महिना झाल्यावर पट्टे बांधले गेले. ती उठली, लटपटली, बसली. परत उठली. असं कित्येक दिवस. मग एका सकाळी आत्याबाईंनी स्वतःचं जुनं मऊ लुगडं फाडून आणलं. आमचं घराणं मूळचं गंगापूरकडचं, मेंढरांमागं फिरणारं. लेकरू अंगाशी बांधून रानं तुडवणाऱ्या बायका आत्याबाईंनी पाहिल्या होत्या. त्यांनी पोरीला मंगलच्या छातीशी आवळून गाठ मारली आणि ती दोनदा ओढून पाहिली.

मंगल उभी राहिली. कॅलिपरची गुडघ्यापाशी असलेली कडी खट्‌ करून बसली. तिनं कुबडी पुढं टाकली. आत्याबाईंचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले. मग त्यांनीच ते मागं घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. विलास दारात, मी माझ्या नेहमीच्या भिंतीला. मंगल खोलीतून हॉलमध्ये आली, हॉलमधून गॅलरीत गेली आणि कठडा धरून पोरीला उन्हं दाखवायला लागली. पण पोरगी वाटेतच गाढ झोपली होती.

पंचाईत पुढं झाली. आपली आई डाव्या ताठ पायानं, अंग एका बाजूला झोकून चालते, ती लय त्या पोरीनं पोटात असल्यापासून ऐकलेली. माझ्यासारख्या सरळ चालणाऱ्या बाईच्या खांद्यावर ती झोपेच ना. रडून लाल व्हायची. शेवटी आत्याबाईंनी पदर खोचला, तिला घेतलं आणि एक पाय ताठ ठेवून हॉलभर झोके घेत फिरल्या. पोरगी गप्प. त्यांच्यामागून विलास शिकला. मग माझा नंबर.

मी पोरीला घेऊन फेऱ्या मारत होते, धापा टाकत, एकेका पावलाला कलंडत. मंगल सोफ्यावर बसून चहा पीत होती. बराच वेळ तिनं पाहिलं.

"जाऊबाई, उजवीकडं जरा जास्त झुका," ती म्हणाली. "फार सरळ चालायलात."