भिंतीकडे तोंड करणारा कॅमेरा

जाहीर निवेदन! तमाम वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, खालील मजकूर लिहिणारा इसम — वय पन्नाशीच्या पुढे, वजन विचारू नये, धंदा सीसीटीव्ही कॅमेरे विकणे आणि बसवणे, मुक्काम जळगाव — हा पूर्ण शुद्धीवर असून त्याचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. नव्हता, नाही. पुढचं सांगवत नाही... म्हणून तर लिहायला बसलोय.

आमच्या धंद्यात भूत म्हणजे कोळी. अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यात बारीक दिवे असतात. त्यांच्यासमोर कोळ्यानं जाळं विणलं की स्क्रीनवर पांढरी साडी हवेत तरंगायला लागते. धुळ्याच्या एका कापडवाल्या शेठजींनी तर मला बोलावण्याआधी मांत्रिक बोलावला होता. लिंबं कापून झाली, धूप झाला, शेठाणीबाई आतल्या खोलीत जप करत बसलेल्या. मी स्टुलावर चढलो, खिशातून रुमाल काढला, काच पुसली. भूत रुमालात! मांत्रिकानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याचं गिऱ्हाईक पळवलं. चाळीसगावच्या मेडिकलवाल्याचं भूत म्हणजे एक पाखरू निघालं. तेव्हा "राजूभाऊ, कॅमेऱ्यात काहीतरी दिसतंय हो" असा फोन आला की मी आधी चहा संपवतो.

सावद्याच्या कॅमेऱ्यात मात्र काहीच दिसत नव्हतं. तिथंच सगळा घोळ झाला.

आणि हो — अमावस्या, घुबड, कुत्र्यांचं रडणं, यातलं काहीही मिळणार नाही. सगळं भर उन्हात घडलंय, आमच्याकडच्या एप्रिलमध्ये. त्या उन्हात भूतसुद्धा सावली धरून बसेल.

तर, प्रशांत हा माझा शाळेपासूनचा मित्र. सगळ्यांसाठी प्रशांतसाहेब, माझ्यासाठी पश्या. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, बाराव्या मजल्यावर राहतो. त्याची आई सावद्याला एकटी असते. सारं गाव तिला अक्का म्हणतं, मीही म्हणतो. पश्याचे वडील, नाना, जाऊन बरीच वर्षं झाली. केळीचा मळा वाट्यानं दिलेला. घर साधं, स्लॅबचं. पुढे ओसरी, आणि ओसरीच्या एका अंगाला गच्चीवर जाणारा उघडा जिना. जिन्याला कठडा नाही. घर बांधताना राहून गेला, तो राहिलाच.

मागच्या वर्षी अक्का त्या जिन्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं, सळई टाकली. पश्यानं तेव्हाच फर्मान काढलं — पुन्हा जिना चढलीस की सामान बांधायचं आणि पुण्याला यायचं, कायमचं. अक्कानं मान डोलावली. पण अक्काच्या मान डोलावण्यावर तिच्या पोटच्या पोराचाही भरवसा नाही.

"राज्या, तिथं कॅमेरा लाव. मला जिना दिसला पाहिजे."

"पश्या, मला कशाला मायलेकांच्या मध्ये घालतोस?"

"तू धंदा कर ना बे. कॅमेरा विकतोस का उपदेश?"

गेलो. आता जरा धंद्याचं ऐका, पुढे लागणार आहे. डोम कॅमेरा म्हणजे छताला उलटी चिकटवलेली वाटी. वाटी काळसर, आत डोळा. यातले काही मोटरवर फिरतात, ते महाग असतात, आणि पश्या चिकट आहे. म्हणून त्यानं घेतला तो बिनमोटरचा. त्यातला डोळा हातानं वळवायचा, स्क्रू आवळायचे, वरून वाटी बसवायची आणि चांदणीसारख्या तोंडाच्या पान्यानं ती घट्ट पिळायची. तो पाना माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो. एकदा वाटी बसली की तो डोळा ब्रह्मदेवालाही वळवता येत नाही. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

ओसरीच्या छताला कॅमेरा लावून एकच केबल ओढली — वीज त्यातूनच, चित्र त्यातूनच. इंटरनेटच्या डब्याला जोडली, कॅमेऱ्याला आयपी अ‍ॅड्रेस दिला, पासवर्ड घातला, पश्याच्या आणि माझ्या मोबाइलवर चित्र आणलं. रेकॉर्डिंगसाठी कार्ड टाकू का विचारलं, तर म्हणाला, "कार्ड कशाला? मी बघतोय ना लाइव्ह!" चिकट म्हटलं ते उगीच नाही. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बोटानं एक लाल रेघ ओढली. ही रेघ कुणी ओलांडली की पुण्यात पश्याचा मोबाइल बोंब मारणार.

अक्का खाली खुर्चीवर बसून सगळं बघत होती. "काय आखू राहिला रे माह्या जिन्यावर?"

"लक्ष्मणरेषा, अक्का."

"मंग रावन कोन? तू का पश्या?"

मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. ती वर बघत म्हणाली, "आन याले डोया एकच का?"

"एकच. पापणी पण नाही."

"बिचारा," अक्का म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मी स्वतः पायरी चढून बघितली. पुण्यात बोंब झाली. काम फत्ते.

आठवडाही झाला नसेल, पश्याचा फोन. "राज्या, भिंत चोरीला जाईल म्हणून कॅमेरा लावलायस का रे?"

"काय झालं?"

"सकाळी उघडलं की भिंत दिसते. नुसती भिंत! जरा वेळानं बघावं तर पुन्हा जिना."

मी मोबाइलवर बघितलं. जिना व्यवस्थित होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून पुन्हा बघितलं... भिंत. जिन्यासमोरची कोरी भिंत, अगदी मधोमध धरलेली, आणि खालच्या बाजूला शेजारी शेजारी दोन मळकट डाग. गिऱ्हाईकाला बिल देऊन पुन्हा बघितलं तर जिना. मधला क्षण काही केल्या सापडेना.

मग माझी जी येरझार सुरू झाली! जळगाव–सावदा, सावदा–जळगाव, केळीच्या ट्रकांच्या मागे मागे. वाटी उघडली, स्क्रू तपासले, एकही ढिला नव्हता. पुन्हा आवळले. बायकोची नेलपॉलिश नेऊन प्रत्येक स्क्रूवर लाल थेंब ठेवला, म्हणजे कुणी हात लावला तर थेंब तुटेल. थेंब जसेच्या तसे, आणि सकाळी भिंत! सेटिंग पुसून पहिल्यापासून केलं. शेवटी तो कॅमेराच काढला आणि खोक्यातला कोरा बसवला. कोऱ्यालाही तीच भिंत आवडली.

मला चैन पडेना. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि मी मोबाइलवर सावद्याची भिंत न्याहाळतोय. जेवताना तेच. बायको एक दिवस म्हणाली, "कोण आहे ती सावद्याची, तेवढं सांगून टाका." मी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिनं भिंत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिचं टेन्शन वाढलंच.

तेवढ्यात पश्याचा पुन्हा फोन. या वेळी आवाज चढलेला. सावद्याचं कुणीतरी पुण्याला गेलं होतं, त्याच्यासोबत अक्कानं बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, पाठवल्या होत्या, डबाभरून.

"बिबड्या कुठं वाळवल्या तिनं? ओसरीत ऊन येतं का? गच्चीवर जातेय ती! स्टुलावर चढून कॅमेरा फिरवते आणि मग जिना चढते. म्हणजे पडायच्या दोन-दोन जागा! मी रविवारी येतोय. तिला घेऊनच जाणार, आणि तू मध्ये बोलायचं नाही."

मी शनिवारीच सावदा गाठलं. "अक्का, खरं सांग. स्टुलावर चढतेस?"

"मी आन् स्टुलावर? बाप्पा, माह्या पायात सळई आहे!"

"आणि गच्चीवर?"

"गच्चीवर जाते ना," अक्का म्हणाली. अगदी सरळ. "बिबड्या काय बहाना आहे रे. पल्याडच्या गच्चीवर सिंधू येते. तिचे गुडघे गेले, तिले रस्त्यानं येता येत नाही. घडीभर बोलतो. पुन्याले माह्याशी कोन बोलीन? लिफ्ट?"

"मग कॅमेरा कोण वळवतं?"

अक्कानं वर बघितलं. मग भिंतीकडे. आणि एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागली... डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तिनं सांगितलं ते असं. सिंधूबाईंचं घर म्हणजे भाऊबंदांचं, आणि शेताच्या बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद. अक्का आणि सिंधू दोघी नव्यानं लग्न होऊन आलेल्या, माहेरपासूनच्या मैत्रिणी. अक्काच्या सासूनं नानांना ओसरीत राखणीला बसवलं — सून गच्चीवर जाऊन त्यांच्याशी बोलते का बघ. नाना खोटं बोलायचे नाहीत, हे सासूला पक्कं माहीत. आणि नाना खरोखरच खोटं बोलले नाहीत. अक्का जिन्याकडे निघाली की ते स्टूल ओढायचे, भिंतीकडे तोंड करून बसायचे, गुडघे भिंतीला टेकलेले. ती खाली येऊन हाक मारेपर्यंत वळायचे नाहीत.

"त्याईची माय विचारे, सून वर गेल्ती का रे? ते म्हनत, मले नाही दिसली. पश्या मांडीवर असला तर त्याचंही तोंड भिंतीकडे करून टाकत. म्हनत, आपन काही पाह्यलं का रे? पश्या म्हने, नाही पाह्यलं."

मी त्या दोन डागांकडे बघितलं. गुडघ्यांच्या उंचीवर, गुडघ्यांच्या अंतरावर. अक्का म्हणाली, "कितीदा रंग दिला, वर येतातच." मला घाम फुटला. एप्रिलचा घाम मला ओळखता येतो. हा तो नव्हता.

रविवारी पश्या आला. आल्या आल्या आईची बॅग भरायला घेतली. अक्का खुर्चीवर बसलेली, एवढीशी दिसत होती. मी दोनदा तोंड उघडलं, त्यानं दोनदा हात वर केला. आदल्या दिवशीचं मी काय सांगणार होतो? पश्या, तुझे वडील कॅमेऱ्यात बसलेत?

बॅगेची चेन लागली तशी अक्का उठली. बिबड्यांचं ताट कमरेवर घेतलं. "सिंधूले सांगून येते," म्हणाली आणि पोराच्या डोळ्यांदेखत जिन्याकडे निघाली.

"आई!" पश्या ओरडला आणि धावला... आणि मी त्याचा दंड धरला, कारण मला वर काहीतरी हलताना दिसलं.

वाटीच्या आतला डोळा वळत होता. झटका नाही, आवाज नाही. घरातलं मोठं माणूस अदबीनं मान फिरवतं तसा. अक्काचं पाऊल पायरीवर पडायच्या आधीच. माझ्या हातातल्या मोबाइलवर चित्र सरकत होतं — जिना, खांब, विजेचं बटण, भिंत. दोन डाग मधोमध आले आणि चित्र थांबलं. पश्याच्या खिशातला मोबाइल गप्प. त्याचा दंड सोडून मी किल्ल्यांचा जुडगा चाचपला. चांदणीचा पाना तिथंच होता.

पश्यानं वाटीकडे बघितलं. माझ्या मोबाइलकडे, मग भिंतीकडे. त्याचं तोंड उघडंच. मला वाटलं, आता हा मला शिव्या घालणार, नाहीतर खाली बसणार.

तो खालीच बसला. पण आधी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीला लावलं, आणि एवढा मोठा कंपनीचा साहेब गुडघे त्या दोन डागांना टेकवून भिंतीकडे तोंड करून बसला.

"पश्या?"

"गप रे," तो भिंतीला म्हणाला. "मी काही नाही पाह्यलं."

वरून दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता.

तुम्ही विचाराल, म्हणून सांगतो. कॅमेऱ्याच्या कंपनीतल्या इंजिनिअरला मी फोन केला. तो म्हणाला, "सर, हे मॉडेल फिरूच शकत नाही." म्हटलं, बाबा, ते मला माहीत आहे. आधी काढून आणलेला कॅमेरा माझ्या दुकानात लावलाय. तो दिवसभर गल्ल्याकडे बघतो, तसूभर हलत नाही. सावद्याच्या जिन्याला त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा बसला, पश्या उभा राहून करून घेत होता. बॅग परत उघडली गेली. लाल रेघ मी पुसून टाकली. कॅमेरा काढू का विचारलं तर मायलेक दोघंही एकदम "नको" म्हणाले. मी अजून सकाळी मोबाइल उघडतो, भिंत बघतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. खुलासा काही सापडलेला नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कळवा. कोळी सोडून.

राहता राहिलं त्या रविवारचं शेवटचं. बऱ्याच वेळानं अक्का रिकामं ताट घेऊन, एकेक पायरी धरत खाली आली. शेवटच्या पायरीवर थांबली, पदर सारखा केला. स्टुलावर पाठमोरा बसलेला पोरगा तिनं पाहिला, वर छताकडे पाहिलं, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं —

"फिरा आता दोघं इकडे, उतरली मी!"