मागच्या आवाजात आई

कुरकुंभहून दौंडला येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एकदा मला माझ्या आईचा आवाज ऐकू आला. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती...

मोबाईलमध्ये मेमरी कार्ड नवीन नवीन आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. फर्स्ट शिफ्ट सुटली होती आणि शेजारी बसलेल्या वैशालीनं मोबाईलवर देवीची गाणी लावली होती.

आता थोडं मागचं सांगते. माझे वडील, आप्पा, रेल्वेत होते. ड्यूटीवरून आले की गाणं. स्वतःच रचायचे, स्वतःच चाल लावायचे. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी यायची. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या एका छोट्या कॅसेट कंपनीनं त्यांची कॅसेट काढली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी कोरसमधल्या एक बाई आल्याच नाहीत. आई नुसती सोबत म्हणून गेली होती, डबा घेऊन... स्टुडिओवाल्यांनी तिलाच माइकपुढे उभं केलं. आप्पांची सगळी गाणी तिला पाठ होतीच. पदर सावरत ती गायली आणि संध्याकाळच्या गाडीनं दोघं घरी आले.

घरातल्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. आई कावीळ होऊन गेली तेव्हा तिचे थोडे फोटो मागे राहिले. आवाज मात्र फक्त त्या कॅसेटमध्ये. आप्पा ती लावायचे, थांबवायचे, मागे घ्यायचे... शेवटी एक दिवस टेप आत अडकली आणि तुटली. चिकटपट्टी लावून पाहिली, पण नुसती घरघर यायची.

दुसरी मिळते का बघायला आप्पा पुण्याला गेले, तर कंपनीच बंद झालेली. नातेवाइकांनी टेपरेकॉर्डरसकट सगळ्या कॅसेट भंगारात घातल्या होत्या. एका सीडीत शंभर-शंभर गाणी मिळायला लागली होती, मग कॅसेट कोण ठेवणार?

त्यातच शिरूरच्या बाजारात एका मोबाईलच्या दुकानात आप्पांना त्यांचं गाणं ऐकू आलं. शब्द त्यांचे, चाल त्यांची, पण आवाज कुणा दुसऱ्याचा आणि खाली कीबोर्डचा ठेका. "हे माझं गाणं हाय," असं त्यांनी दुकानदाराला सांगितलं. त्यानं कॉम्प्युटरचा स्क्रीन फिरवून दाखवला. "बाबा, हितं तर दुसरंच नाव येतंय."

त्या दिवसापासून आप्पांनी गाणं बंद केलं. कुठे मोबाईलवर गाणी लागली की ते उठून जायचे. नवरात्रात बोलावणं आलं तर तब्येतीचं कारण सांगायचे... घरात कुणी तो विषय काढत नव्हतं.

तर, बसमध्ये वैशालीच्या मोबाईलवर जे लागलं होतं, ते मात्र खुद्द आप्पांच्या आवाजात होतं. तिसऱ्या कडव्याला त्यांची ओळ संपायच्या आधीच मागून एका बाईचा आवाज येतो, अंमळ घाईनं, आणि मग बाकीच्या तिला सामील होतात. ती आई. भाकरी थापतानाही ती अशीच आप्पांची ओळ पुरी होऊ द्यायची नाही...

मी वैशालीला गाणं परत लावायला सांगितलं. तिला ते भावाकडून मिळालं होतं, भावाला मित्राकडून. कुणीतरी कधीतरी कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतलं असणार, कारण मागे कॅसेटची खरखर तशीच होती. स्क्रीनवर नाव होतं फक्त 'न्यू देवी साँग'.

दौंडला बस रिकामी झाली तरी आम्ही दोघी मोबाईलला मोबाईल लावून बसलो होतो. ब्लूटूथनं गाणं येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ड्रायव्हरमामा इंजिन बंद करून थांबले.

घरी आप्पा मेथी निवडत होते. माझ्या हातात मोबाईल बघून उठायला लागले. मी म्हटलं, "आप्पा, यात आई आहे."

ते बसले. गाणं सुरू झालं, तिसरं कडवं आलं, आईचा आवाज आला... आप्पांच्या हातातली जुडी तशीच राहिली. संपल्यावर एवढंच म्हणाले, "परत लाव."

किती वेळा लावलं, आठवत नाही. मग मीच चिडून म्हटलं, "पण बघा ना, तुमचं नावच नाही कुठं."

आप्पांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "माझं कॅसेटवर तरी व्हतं. तिचं कवा व्हतं? कव्हरवर नुसतं 'आन् साथीदार' छापलं व्हतं. मला बी तवा काय वाटलं न्हाई."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ह्यात नाव घालता येतं का?"

"येतं."

"मग घाल. आदी तिचं."

दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन मी ते नाव बदलून घेतलं. आधी आईचं, मग आप्पांचं. बसमधल्या जिला जिला हवं होतं तिला पाठवलं. पुढे ते कुठवर गेलं, नाव टिकलं की पुन्हा कुणी पुसलं, मला माहीत नाही.

त्या नवरात्रात मात्र आप्पा पुन्हा उभे राहिले. गायला सुरुवात करण्याआधी त्यांनी मागे बसलेल्या एकेकाचं नाव घेतलं, टाळ वाजवणाऱ्याचंसुद्धा. लोकांना जरा नवल वाटलं...

आता आप्पाही नाहीत. माझी मुलगी ॲपवर हवं ते गाणं क्षणात लावते. गाणं कुणाचं, हे तिनं बघितलेलंही नसतं. मी बघते, आणि साथीला कोण होतं ते शोधते. बऱ्याचदा सापडत नाही.

ती कॅसेट कॉम्प्युटरवर घेणारा माणूस कोण होता, मला कधीच कळलं नाही. त्यानं आप्पांचं नाव गाळलं, याचा राग अजून आहे. पण त्यानं ते केलं नसतं, तर माझ्या मुलीनं आजीचा आवाज कधीच ऐकला नसता... जो कुणी असेल त्याचे आभार.