बाईंनी खोदलेली नाली

सुलोचनाबाई गेल्याचा फोन माझ्या अमरावतीच्या ऑफिसात आला, तेव्हा अकरा वाजून गेले होते. अकोल्याच्या शाळेत प्रार्थना संपवून वर्गाकडे जाताना त्या व्हरांड्यात खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. पुढे आठ-दहा दिवसांनी शाळेत शोकसभा झाली. तीन जण बोलले आणि तिघांनीही एकच शब्द वापरला : बाई फार काटकसरी होत्या. साली टाकायच्या नाहीत, फाटक्या लुगड्याच्या पिशव्या शिवायच्या, भांडी राखेनं घासायच्या. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. मला बोलायला कोणी सांगितलं नाही. तेव्हा राहिलं ते आता, महिन्यानं लिहिते. बाई काटकसरी नव्हत्या. बाई हट्टी होत्या.

अठ्ठावन्न साली त्या अमरावतीला आमच्या लाईनीत राहायला आल्या. एका ओळीत चार खोल्या, मागे प्रत्येकीची न्हाणी आणि न्हाणीमागे मोकळी जागा. पहिली खोली आमची, शेवटची बाईंची. मी तेव्हा नववीत होते. बाई एकट्या होत्या, प्राथमिक शाळेत शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्या बौद्ध झाल्या होत्या. हे त्यांनी पहिल्याच दिवशी मालकाला आणि आम्हा सगळ्यांना स्वतःहून सांगून टाकलं, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको. मालकानं खोली दिली, कारण ती वर्षभर रिकामी पडली होती. तिथे कोणी टिकत नसे. चारही न्हाण्यांचं पाणी उतारानं त्या शेवटच्या खोलीमागे जाऊन साचायचं. हिरवं, वास मारणारं डबकं. त्यातले डास आम्हा सगळ्यांना चावायचे, पण ते साचायचं मात्र बाईंच्या दारात.

बाईंनी कोणाकडे तक्रार केली नाही. एका रविवारी त्यांनी कुदळ आणली आणि डबक्यापासून मोकळ्या जागेपर्यंत नाली खोदली. मध्ये हातभर खड्डा करून त्यात विटांचे तुकडे, कोळसा आणि रेती भरली. पाणी त्यातून झिरपून पुढे जायचं. पुढे त्यांनी धोपा, म्हणजे अळू, लावला, केळी लावल्या, वांगी लावली. भाजीचे देठ आणि साली कुजवायला एका कोपऱ्यात दुसरा खड्डा केला. मग त्या प्रत्येक दारात येऊन सांगून गेल्या, की भांडी राखेनं घासा, कपड्यांच्या सोड्याचं पाणी तेवढं वेगळं टाका, झाडाला सोसत नाही. पावसाळा संपेपर्यंत डबकं आटलं. दिवाळीच्या आधी धोप्याची पानं सुपाएवढी झाली, आणि बाई ती उरलेल्या तिन्ही घरांत वाटायला निघाल्या.

आमच्या दारात त्या आल्या तेव्हा माझी आई हसून पानं घेऊन आत आली आणि मागच्या दारानं ती तिथे फिरणाऱ्या एका गाईपुढे टाकून आली. मी पाहिलं. आई मोर्शीकडच्या शेतकरी घरातली, मनानं वाईट नव्हती. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली की ते न्हाणीचं पाणी आहे, कसं खायचं. पण आमच्या गावाकडच्या मळ्यातलं अळूही न्हाणीच्याच पाण्यावर वाढलेलं होतं, आणि त्याच्या वड्या आई दर श्रावणात करायची. खरं कारण काय ते आम्हा दोघींनाही माहीत होतं... बाईंनाही असणार. गाय त्यांच्याच खोलीवरून जायची, हिरवं चावत. तरी पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा पानं घेऊन दारात उभ्या.

पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी मालकाचे कान भरले. मालक दोन मजूर आणि गाडीभर मुरूम घेऊन आला. म्हणाला, पाणी भिंतीत मुरतं. नाली बुजवून टाकली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी ती उकरली. मालकानं पुन्हा बुजवली, बाईंनी पुन्हा उकरली. तिसऱ्या वेळी तो स्वतः उभा राहिला. बाकीच्या तिन्ही घरच्या बायका दारांत आल्या होत्या.

"बाई, ही जागा माही हाय. इथं खोदाले तुमाले कोनं सांगितलं?"

"जागा तुमची हाय," बाई म्हणाल्या, "पानी आमचं हाय. ते घान करून माह्या दारात कोन ठेवते, ते पयले सांगा."

मालकानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं, नाली बुजवून घेतली आणि निघून गेला. डबकं परत साचायला चार दिवससुद्धा लागले नाहीत. रविवारी सकाळी बाई कुदळ घेऊन बाहेर आल्या. वैशाखाचं ऊन, मुरूम दगडासारखा बसलेला. त्या चार घाव घालायच्या, थांबायच्या, परत घालायच्या. आमच्या खिडकीतून दिसत होतं. आई पोळ्या लाटत होती. तिनं दोन-तीनदा तिकडे पाहिलं. मग लाटणं ठेवलं, पदर खोचला आणि कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"पाहून काय राह्यली? घमेलं घे," ती मला म्हणाली.

आम्ही दुपारपर्यंत मुरूम उपसला. महिनाअखेर मालक आला तेव्हा आई पुढे झाली आणि तिनं सांगितलं, की बाईंची खोली रिकामी करायची असेल तर आमचीही करून घ्या. मधल्या दोन घरांनी आधी खाली पाहिलं, मग होकाराची मान हलवली. मालक आला तसा परत गेला. नाली परत बुजली नाही. बाई तिथे आणखी सहा वर्षं राहिल्या, मग बदली होऊन अकोल्याला गेल्या. आमच्या चुलीवर त्या धोप्याच्या वड्या किती वेळा झाल्या, सांगता येणार नाही. पहिल्या वेळची वडी आईनं बाईंना आत बोलावून, आपल्या शेजारी बसवून वाढली.

म्हणून काटकसर हा शब्द मला चालत नाही. काटकसर माणूस जवळ कमी असलं म्हणून करतो. बाईंचा झगडा वेगळा होता. एखादी गोष्ट टाकाऊ आहे हे ठरवणारे तुम्ही कोण, एवढंच त्या विचारत होत्या, सालीबद्दल, सांडपाण्याबद्दल... आणि कशाकशाबद्दल ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

बाई गेल्या त्या दिवशी मी अकोल्याला पोचले तेव्हा तीन वाजले होते. बुद्धवंदना झाली, संध्याकाळी अग्नी दिला. दिवेलागणीला आम्ही सात-आठ जण त्यांच्या खोलीवर परतलो. चूल थंड होती. सकाळपासून कोणाच्या पोटात काही नव्हतं. बाईंची धाकटी बहीण गिरजाबाई कोपऱ्यातल्या लाकडी पेटीजवळ बसली आणि तिनं झाकण उघडलं. आत जुना कापूस गच्च भरलेला होता, आणि कापसात रुतवलेलं पातेलं. रोज सकाळी बाई डाळीला दोन उकळ्या आणायच्या, पातेलं या पेटीत बंद करून शाळेत जायच्या. उरलेलं शिजणं आतल्या उबेवर व्हायचं, सरपण लागायचं नाही. एक म्हातारे नातेवाईक म्हणाले, आजच्या दिवशी हे खाऊ नये, टाकून द्या.

"तिनं सोताच्या हातानं चढवलं हाय," गिरजाबाई म्हणाली. "फेकू देनार नाही मी."

तिनं पातेल्यावरचं ताट काढलं. डाळ मऊ शिजली होती आणि अजून कोमट होती. तिनं वाट्या मांडल्या. म्हाताऱ्यांनी वाटी हातात घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि मग तोंडाला लावली. थोडं थोडं का होईना, आम्ही सगळे जेवलो. पातेलं निपटून झाल्यावर गिरजाबाईनं ते राखेनं घासलं, आणि धुतलेलं पाणी मोरीत न ओतता दाराबाहेरच्या केळीला घालून आली.