शेवटच्या नळाचं पाणी

रत्नमालाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन त्यांच्या मुलीचा, सुजाताचा. "मावशी, आई गेली," ती म्हणाली, आणि मग एकेक सांगत गेली. दुपारी पोटभर जेवल्या, वांग्याची भाजी झकास झाली म्हणाल्या, जरा आडवी होते म्हणून पलंगावर टेकल्या, आणि चारला चहासाठी हाक मारली तर उठल्याच नाहीत. मी फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडत राहिले. हात चालू होते, डोकं थांबलं होतं... आठच दिवसांपूर्वी त्या माझ्याकडे येऊन गेल्या होत्या, दोन वेळा भात मागून घेतला होता. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. रडायचं तेवढं रडून झालं. हल्ली त्यांची आठवण आली की आधी हसू येतं, म्हणून म्हटलं, हसू येतंय तोवर लिहून काढावं.

रत्नमाला इंगळे हे नाव पेपरात कधी छापून आलं नसेल. मूळच्या रोहिणखेडच्या, शिक्षण बुलढाण्याला, आणि सगळी नोकरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. उंची बेताची, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडून जाणारा. साहेब असो की शिपाई, सगळ्यांशी एकाच वऱ्हाडीत बोलायच्या. पुण्याहून आलेल्या एका अधिकाऱ्याने एकदा त्यांना "जरा शुद्ध बोला" असं सुचवलं, तर म्हणाल्या, "साहेब, माहं काम पानी शुद्ध करनं हाये. बोलनं तुमी करा." तो अधिकारी नंतर त्यांच्या हातचा चहा प्यायला रोज यायचा म्हणे. चहा चांगला नसायचा. स्वयंपाक हा त्यांचा प्रांतच नव्हता, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

आमची ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा लोणारजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात गृहपाल होते. इमारत जुनी, दुमजली, पाणी बोअरचं आणि जड. दिवाळीची सुट्टी संपून मुली परतल्या आणि एकेकीचं पोट बिघडू लागलं. मी शहाण्यासारखं एका बाटलीत पाणी भरून तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन.

"मॅडम, तुमी पाठोली थे बाटली कायची होती?"

"कोल्ड्रिंकची. पण स्वच्छ धुतली होती हो."

"कायनं धुतली?"

"पाण्यानं."

"कोन्त्या पान्यानं?"

मी समोरच्या नळाकडे पाहिलं.

"त्याच ना? मंग आता मी तपासू काय, पानी का बाटली?"

मला राग आला. ओळख ना पाळख, आणि ही बाई मला झापते! पण दोन दिवसांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर त्यांनी उकळून बंद केलेली काचेची बाटली पाठवली. सोबत वहीच्या कागदावर सूचना: नळ आधी पाच मिनिटं वाहू द्या, त्याच्या तोंडाला मेणबत्तीची आच द्या, झाकणाला आतून बोट लावू नका. खाली एक ओळ अधिक होती. "रागाऊ नका. पोट्ट्या बऱ्या झाल्या पायजेत." राग तिथंच उतरला.

पाणी खराब निघालं. आम्ही गच्चीवरची टाकी घासून काढली, ब्लिचिंग पावडर टाकली. पुढच्या खोल्यांतल्या मुली बऱ्या झाल्या, मागच्या खोल्यांतल्या काही होईनात. त्यातच दहावीच्या अश्विनीला कावीळ झाली. गणितात अख्ख्या शाळेत पहिली येणारी मुलगी. तिचे वडील मोटारसायकलवर येऊन तिला घेऊन गेले. ट्रंक मागे बांधताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता नाही पाठवत मॅडम. बरी झाली की पावने येऊन राह्यले तिले पाहाले." त्या आठवड्यात आणखी चार ट्रंका गेल्या. गेलेली मुलगी परत येत नाही हे मला माहीत होतं. रिकाम्या खाटांकडे बघत मी रोज हजेरी घ्यायचे.

संस्थेच्या सचिवांना काळजी वेगळी होती. मुली बाहेरची पाणीपुरी खातात असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि वसतिगृहाच्या पाण्याचा चांगला दाखला मिळावा म्हणून आपल्या कार्यालयातल्या फिल्टरचं पाणी भरून शिपायाकरवी बुलढाण्याला पाठवलं. दाखला आला. पाणी पिण्यायोग्य. त्याखाली मात्र पेनानं, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: "हा नमुना कार्यालयातल्या फिल्टरचा आहे. मुली हे पाणी पीत नाहीत." ताईंनी फक्त शिपायाला विचारलं होतं, बाटली कोणत्या नळाला लावली होती, आणि त्या बिचाऱ्यानं खरं सांगितलं. सचिव संतापले. फोन फिरवले. ताईंच्या साहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, तर म्हणाल्या, "खोटं असंन तर काट मारा." साहेबांनी काट मारली नाही.

त्यानंतरच्या रविवारी त्या स्वतःच्या तिकिटानं लोणारला आल्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी. पदर खोचला, चप्पल काढली आणि लोखंडी शिडीवरून सरसर वर गेल्या. पन्नाशीला आलेल्या बाईला मी असं चढताना पाहिलं नव्हतं. टाकीचं झाकण फुटलेलं होतं, आणि आम्ही पंधरा दिवसांपूर्वी घासलेल्या भिंतींवर पुन्हा हिरवा थर धरला होता. "याले ऊन पायजे असते," त्या वरूनच ओरडल्या. "अंधार करा, मंग पाहा कसं मरते थे." मग पिशवीतल्या पेटीतून तपासणीच्या औषधाची बाटली काढून तिचे थेंब त्यांनी टाकीतल्या पेलाभर पाण्यात टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे ब्लिचिंग शिल्लक होतं. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी फिकट पिवळं झालं. मागच्या खोल्यांच्या शेवटच्या नळाचं पाणी मात्र जसंच्या तसं राहिलं.

तोवर चाळीसेक मुली त्यांच्या मागे गोळा झाल्या होत्या. त्यांच्याकडे वळून ताईंनी विचारलं, "टाकीत औषध हाये, अठी नाही. मधात कोनं खाल्लं वं?" मुली खिदळल्या. एवढ्या दिवसांत त्या वसतिगृहात मी पहिल्यांदा हसणं ऐकलं. मग ती वरात निघाली. ताई भिंतीवरच्या नळीवर बोट ठेवून पुढे, मुली मागे, सगळ्यात शेवटी मी. मागच्या अंगणात पूर्वी न्हाणीघरं होती. ती पाडली, पण त्यांच्याकडे जाणारी नळी कुणी काढलीच नव्हती, नुसतं तोंड बुजवलं होतं. त्या तुकड्यात वर्षानुवर्षं पाणी तसंच साचून होतं. तिथं वाढलेली घाण हळूहळू चालत्या पाण्यात उतरत होती, आणि जुन्या नळीतला गंज नि बुळबुळीत थर ब्लिचिंग खाऊन टाकत होता. तेवढ्यावर भागलं नाही. मागच्या खोल्यांची नळी सांडपाण्याच्या नालीखालून गेलेली होती. ताईंनी तिथं खणायला लावलं. नळी उघडी पडली, माळ्यानं ती हलकेच उचलायला घेतली, आणि तिचा हातभर तुकडा भाजलेल्या पापडासारखा मोडून हातात आला.

आवाज ऐकून सचिव आले होते. नाकाला रुमाल लावून उभे. ताईंनी तो तुकडा धुतला आणि त्यांच्या हातात दिला. आतून गंज इतका चढला होता की करंगळी जेमतेम जाईल. आणि खालून चार भोकं. "नळ चालू असला का या भोकातून पानी बाहीर पडते," ताई अगदी शांतपणे सांगत होत्या, "अन् टाकी खाली झाली का हेच भोक नालीतलं आत ओढते. साहेब, पोट्ट्या यातून पानी पेतात." सचिव बराच वेळ तो तुकडा उलटसुलट करत राहिले... मग त्यांनी नाकावरचा रुमाल काढला, तुकडा त्यातच गुंडाळला आणि घेऊन गेले. संस्थेच्या बैठकीत त्यांनी तो टेबलावर ठेवला, असं नंतर कळलं. माणूस वाईट नव्हता, त्याला कुणी दाखवलं नव्हतं. आठ दिवसांत प्लास्टिकची नवी नळी, नालीपासून लांबून आली, न्हाणीघरांकडचा तो बुजवलेला तुकडा मुळापासून कापला गेला, टाकीवर काळं घट्ट झाकण बसलं. ताई पुन्हा आल्या, शेवटच्या नळाच्या पाण्यात थेंब टाकले, पाणी पिवळं झालं आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. नमुनाही नंतर चांगला निघाला.

मला वाटलं, झालं. ताई म्हणाल्या, "थे कावीयवाली पोट्टी कुठी हाये?"

आम्ही दोघी एसटीनं अश्विनीच्या गावी गेलो. ती बरी झाली होती, अंगणात तांदूळ निवडत होती. आम्हाला बघून उठली आणि तशीच आत गेली. वडिलांनी चहा मांडायला सांगितला, पण नकारार्थी मान हलवत राहिले. पाहुणे परवा येणार होते. ताईंनी दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचलाही नाही. "कागदाचं काय हो," ते म्हणाले, "तुमी सोताची पोरगी ठेवसान का तठी?"

ताईंनी दाखला घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "हाव. सोमवारपासून आठ दिवस. माही सुजाता अन् तुमची अश्विनी एका खोलीत. तिनं पेलेलं पानी थे पेईन. मंग तर झालं?"

सुजाता तेव्हा नववीत होती, तिला कुणी विचारलंही नव्हतं. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "ताई, भीती नाही वाटत?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "वाटते ना," त्या म्हणाल्या. "पन तपासलं मीनंच, मंग भ्याले दुसरं कोन येईन?" त्या आठ दिवसांत त्यांचा रोज सकाळी फोन यायचा आणि एकच प्रश्न असायचा: "पोट कसं हाये पोट्ट्यांचं?" आवाज नेहमीसारखा खणखणीत, पण मी "ठीक आहे" म्हटल्यावर पलीकडून जो श्वास सुटायचा, तो मला ऐकू यायचा. पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं गेलं. अश्विनी आज गणित शिकवते. त्या दोघी अजून एकमेकींच्या घरी जातात.

पुढे सुजाताच्या लग्नाची गोष्ट तर नात्यात अजून सांगतात. चिखलीचं स्थळ. घर, माणसं, मुलगा, सगळं पसंत. पोहे झाले, आणि ताई दिसेनात. त्या गच्चीवर. खाली येऊन पदर झटकत म्हणाल्या, "पोरगा लय चांगला हाये. पन टाकीले झाकन नाही. बसवा, मंग पाहू." भीमरावभाऊंनी, त्यांच्या यजमानांनी, कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं झाकण बसवलेल्या टाकीचा फोटो पाठवला, सोबत निरोप: "काकू, आतूनही घासली." ताई आनंदानं एवढ्या ओरडल्या, की शेजारीण धावत आली. असे जावई मिळतात का हो!

सगळ्यांना त्या आवडायच्या असं नाही. भांडखोर होत्या. लग्नाच्या कार्यालयात जेवणाआधी आचाऱ्याशी पाण्यावरून हुज्जत घालायच्या, आणि एकदा माझ्याच भाचीच्या लग्नात त्यांनी पंगत अर्धा तास अडवली, तेव्हा मीही त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यांचाच फोन आला. "मॅडम, झालं का रागावून? का आनखी दोन दिवस ठेवू?"

सातव्या दिवशी, जलदान विधीला, मी बुलढाण्याला गेले. घर माणसांनी भरलेलं, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. भंतेजींनी तांब्याभर पाणी मागितलं. सुजाता उठली, तिचा नवरा उठला, अश्विनी उठली, आणि तिघंही एकाच वेळी म्हणाले, "कुठल्या नळाचं?" सगळं घर हसायला लागलं. भंतेजीही हसले. हसता हसता कितीतरी जणांनी डोळे पुसले. भीमरावभाऊ सात दिवसांत पहिल्यांदा हसले असं सुजाता म्हणाली.

सगळं आटोपल्यावर भाऊ हळूच उठून जिन्याकडे गेले. त्यांचे गुडघे दुखतात, इतक्या वर्षांत ते गच्चीवर गेलेले मला आठवत नाहीत. मी मागोमाग गेले. वर टाकीशी एक लाकडी स्टूल होतं, एका कोपऱ्यात घासून गुळगुळीत झालेलं. दर रविवारी सकाळी ताई त्यावर चढायच्या, हे मला त्या दिवशी कळलं. तो दिवस रविवारच होता. भाऊ कठड्याला धरून स्टुलावर चढले, दोन्ही हातांनी झाकण सरकवलं आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिले.

"साफ हाये वं," ते तसेच आत वाकून म्हणाले. टाकीत आवाज घुमला.

मग झाकण नीट बसवलं, दोनदा दाबून पाहिलं, आणि खाली उतरायला माझ्यापुढे हात केला.