दादाचं प्रसिद्ध अडखळणं

माझा दादा मोठा गवई आणि बंदिशकार आहे. मी त्याची बहीण आहे, आणि गेली पन्नास वर्षं माझी ओळख एवढ्यावरच भागते. सदाशिव पेठेत मी गाण्याचे क्लास घेते, पण माझा पत्ता विचारायचा तर लोक "त्यांच्या बहिणीचं घर कुठलं?" असंच विचारतात.

त्याची सर्वांत गाजलेली बंदिश माझी आहे. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजला जाता-येता सायकलवर केलेली. पेडलवर लय धरायची आणि गुणगुणत सुटायचं. दोनदा पोलिसाने थांबवलं. बंदिशीच्या अंतऱ्यात रचणाऱ्याने आपलं टोपणनाव गुंफायचं, ही आमच्यातली रीत. मीही गुंफलं, तीन अक्षरी. पुढे दादाला एका मैफिलीसाठी घाईघाईत नवी चीज हवी होती. त्याने माझी उचलली आणि माझ्या नावाच्या जागी स्वतःचं घातलं. त्याचं सहा अक्षरी. त्यामुळे समेवर, म्हणजे गाणं आणि तबला जिथे एकत्र टेकायचे तिथे, पोचताना तो दर वेळी धडपडतो. मला वाटलं लोक हसतील. कसलं काय! जाणकारांनी माना डोलावल्या आणि त्या धडपडीला प्रतिभा म्हणायला लागले. एकाने तर तिच्यावर पीएच.डी. केली.

आई तेव्हा म्हणाली, घरातली गोष्ट घरात राहू दे. मी राहू दिली. राग मात्र आला होता, अजूनही येतो, विशेषतः रेडिओवर ती बंदिश लागली की.

परवा दादावरच्या माहितीपटाची मंडळी माझ्या फ्लॅटवर आली, दादासकट. मला प्रश्न एकच: सरांना लहानपणी काय आवडायचं? म्हटलं, "आयतं." ते त्यांनी लिहून घेतलं.

मग दादाने अडखळण्यामागचं तत्त्वज्ञान सांगितलं. आयुष्यही समेआधी अडखळतं, वगैरे. मी मागे तंबोरा घेऊन बसले होते. हसू दाबताना एक तार जरा जोरातच छेडली गेली.

कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला सगळे बाहेरच्या खोलीत गेले, तेव्हा दादा मागे वळला आणि हळूच म्हणाला, "काय गं, ती जागा मला अजून सापडत नाही. तू कशी येतेस समेवर?"

पन्नास वर्षांनी विचारत होता. पण माझ्या तोंडातून निघालं ते नेहमीसारखंच. "माझं नाव घाल. आपोआप येशील."

कॅमेरा सुरू झाला, आणि दादाने खरंच घातलं. माझं नाव, त्याच्या त्या भरदार आवाजात, आणि स्वारी सुतासारखी सरळ समेवर उतरली. मला इतका आनंद झाला की तंबोरा छेडायचाच राहून गेला.

"सर," दिग्दर्शक अवघडून म्हणाला, "ते अडखळणं मिस झालं. शब्दही बहुतेक चुकला. वन मोअर घेऊ या का?"

मी दादाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. घसा खाकरला आणि म्हणाला, "हो, चुकलंच. घेऊ या."

मी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि उठले. "घ्या की," म्हटलं, "मला चारला क्लास आहे. मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप असतं, ते लावा."